‘आनोथेन’ : पुन्हा की वरून?

योहानाच्या शुभवर्तमानात (३:३) येशू त्याला भेटायला आलेल्या निकदेमाला जन्माबद्दल जे सांगतो ते किंग जेम्स या जुन्या इंग्रजी बायबलमध्ये ‘बॉर्न अगेन’ (पुन्हा जन्मलेला) आहे आणि न्यू रिव्हाइज्ड स्टँडर्ड या नव्या इंग्रजी भाषांतरात (१९८९) ‘बॉर्न फ्रॉम अबव्ह’ (वरून जन्मलेला). मूळ शब्द एकच, मग अर्थ दोन कसे? बरोबर कोणता धरायचा?

उत्तर १ :
ग्रीक शब्द ‘आनोथेन’. ‘आनो’ म्हणजे वर. ‘थेन’ हा आपल्या ‘ऊन/हून’सारखा प्रत्यय. फोड केली की सरळ ‘वरून’. त्यातूनच ‘सुरुवातीपासून’ आणि ‘नव्याने’ हे अर्थ निघाले. मराठी माणसाला हे कळायला जड जाऊ नये : ‘वरपासून वाच’ म्हटलं की पान पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू होतं.
योहानात हा शब्द आणखी कुठे येतो ते पाहा. ३:३१ मध्ये ‘वरून येणारा’, १९:११ मध्ये पिलाताला ‘वरून’ मिळालेला अधिकार, आणि १९:२३ मध्ये वरपासून अखंड विणलेला अंगरखा. तिन्हीकडे दिशाच. माझं मत ‘वरून’कडे.

उत्तर २ :
मत ठीक, पण पुढचंच वचन वाचा. निकदेम विचारतो, म्हाताऱ्याने ‘देउतेरोन’, म्हणजे दुसऱ्यांदा, आईच्या पोटात शिरायचं का? त्याने ‘पुन्हा’ असंच ऐकलंय. सगळा संवाद या दुहेरी अर्थावर उभा आहे. भाषांतरात ‘फ्रॉम अबव्ह’ घातलं तर निकदेम उगाच बावळट ठरतो. ‘अगेन’ घातलं तर त्याची चूक काय झाली तेच कळत नाही. संत जेरोमच्या जुन्या लॅटिन भाषांतरात ‘देनुओ’, म्हणजे नव्याने. टिंडेलने १५२६ साली इंग्रजी भाषांतर थेट ग्रीकवरून केलं, तरी ‘अन्यू’च (नव्याने) घेतलं. १६११च्या किंग जेम्सने मजकुरात ‘अगेन’ ठेवून समासात ‘फ्रॉम अबव्ह’ छापलं. प्रामाणिक तोड तीच; टीप वाचायला मात्र कुणी थांबत नाही.

उत्तर ३ :
त्याहून अवघड जागा ३:८ : वारा हवा तिकडे वाहतो, त्याचा आवाज तू ऐकतोस; आत्म्यापासून जन्मलेल्याचं तसंच. तिथे ‘प्न्यूमा’ म्हणजे वाराही आणि आत्माही. क्रियापद ‘प्नेइ’ (वाहतो) त्याच धातूचं. इंग्रजीला वचनाच्या सुरुवातीला ‘विंड’ आणि शेवटी ‘स्पिरिट’ असे दोन शब्द वापरावे लागतात, धागा तुटतो. ऱ्हाइम्सच्या कॅथलिक भाषांतराने (१५८२) लॅटिनमागोमाग जाऊन सुरुवातीलाही ‘स्पिरिट’च ठेवलं, मग ‘त्याचा आवाज ऐकतोस’ हे लटकतं. गंमत म्हणजे मराठीत ‘वारं’ हा शब्द दोन्ही कामं करू शकला असता, ‘अंगात वारं आलं’ म्हणतोच की आपण. पण त्याला देवीच्या संचाराचा वास. चर्चमध्ये चालायचा नाही.

उत्तर ४ :
३:७ मधलं सर्वनाम राहिलं. ‘मी तुला म्हणालो’ इथे एकवचन, ‘जन्मले पाहिजे’ इथे अनेकवचन. किंग जेम्सच्या ‘दी’ आणि ‘यी’मध्ये हा भेद दिसतो. आजच्या ‘यू’मध्ये तो बुडतो, म्हणून न्यू इंटरनॅशनल या आधुनिक इंग्रजी भाषांतराला टीप द्यावी लागली. मराठीत ‘तुला’ आणि ‘तुम्हांला’ असल्याने सुटलो असं वाटेल, पण निकदेम प्रतिष्ठित परुशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथातला. ‘तुम्हांला’ हे आदरार्थी वाचलं जाणार. ‘तुम्हां सर्वांना’ लिहिलं तरच अनेकवचन पोचतं.