सातबाऱ्यावर दोनच भाऊ, बहिणींचं हक्कसोड नोटरीवर, जमीन घ्यावी का?

शिवारातला_मी:
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. जुन्नर तालुक्यात आमच्या बांधाला लागूनच एक एकर बागायत विकायला निघालंय. बाबांची फार वर्षांची इच्छा आहे आणि आम्ही खातेदार शेतकरी आहोत त्यामुळे ती अडचण नाही. देणारे दोन भाऊ, त्यांचे वडील २००३ ला वारले, मृत्युपत्र नाही. सातबाऱ्यावर दोघांचीच नावं आहेत, पण त्यांना तीन बहिणी पण आहेत. विचारलं तर म्हणतात बहिणींनी २०११ मध्येच हक्क सोडलाय, १०० च्या स्टॅम्पवर नोटरी केलेला कागद दाखवला, तिघींच्या सह्या आहेत. आता ते म्हणतात आधी साठेखत (पुढे विकू असा करार) आणि कुलमुखत्यारपत्र (त्यांच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणारा कागद) नोटरी करून ताबा घ्या, खरेदीखत दोन वर्षांनी सावकाश करू म्हणजे स्टॅम्प ड्युटी आत्ता लागणार नाही, आणि २ लाख इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, रोख द्या. बाबा म्हणतात सातबाऱ्यावर नाव आहे ना मग तेच मालक. मला झोप लागत नाहीये. सातबारा म्हणजे मालकी नाही का?

दस्तवाली_ताई:
दादा आधी इसार थांबवा, मग बाकीचं बोलू. १६ वर्षं वकिलांकडे दस्त तयार करायचं काम करतेय, हा नमुना महिन्यातून एकदा तरी टेबलावर येतो.

सातबारा हा महसुली अधिकार अभिलेख आहे. जमीन महसूल संहितेचं कलम १५७ म्हणतं की नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरायची, म्हणजे ते गृहीतक झालं, मालकी त्याने तयार होत नाही. मालकी येते ती वारसाने, वाटपाने, बक्षीसपत्राने, मृत्युपत्राने किंवा रजिस्टर खरेदीखताने, आणि फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर नाव बदलल्याची नोंद, त्याच्या मागून येतो. वडील मृत्युपत्र न करता गेले म्हणजे त्याच दिवशी मुलींचाही हिस्सा उभा राहिला, जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली असली तरी. वडिलोपार्जित असेल तर मुलींना मुलांसारखाच हक्क देणारी हिंदू वारसा कायद्यातली २००५ ची दुरुस्ती आहेच, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा निकालात सांगितलंय की दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असायची गरज नाही. तेव्हा वारस नोंदीत बहिणींची नावं राहिली किंवा मुद्दाम वगळली म्हणून त्यांचा हक्क गेला असं होत नाही.

आणि ते नोटरीचं हक्कसोडपत्र. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर दस्त दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर लागतो. नोटरीचा शिक्का काही त्याची जागा घेत नाही. कुलमुखत्यारपत्रावर ‘विक्री’चंही तेच, २०११ च्या सूरज लॅम्प निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की अशा कागदांनी मालकी जात नाही. वर स्टॅम्प ड्युटी वाचेल हेही खोटं, साठेखतात ताबा दिला असं लिहिलं की महाराष्ट्रात त्यावर खरेदीखतासारखीच ड्युटी बसते. आणि जमिनीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला आयकर कायद्यात सहसा मनाई आहे, तेव्हा रोखीचं नावच काढू नका.

एकच सरळ रस्ता, खरेदीखतात तिन्ही बहिणी लिहून देणार, म्हणजे विकणाऱ्या, म्हणून प्रत्यक्ष हजर राहिल्या पाहिजेत, फोटो अंगठ्यासकट. एखादी वारली असेल तर तिचे वारस.

बांधावरचा:
ताई बोलल्या ते शब्दन् शब्द खरं आहे, आमच्या घरात भोगलंय. माझ्या मामाने १९९८ ला चांगलं रजिस्टर खरेदीखत करून जमीन घेतली, फेरफार मंजूर, सातबारा नावावर, विहीर पाडली, पाईपलाईन टाकली, आणि आठ वर्षांनी विकणाऱ्याच्या बहिणीने वाटपाचा दावा लावला. ११ वर्षं कोर्ट. मामाचं म्हणणं एकच होतं की मी तर रजिस्टर केलंय, पण रजिस्टर ऑफिस दस्त नोंदवतं, देणाऱ्याला विकायचा किती हक्क आहे ते तपासत नाही, आणि ज्याचा जेवढा हिस्सा तेवढाच तो विकू शकतो. शेवटी तडजोड करून त्या बाईंना पैसे दिले तेव्हा मिटलं. मला त्या बाईंचा राग कधीच आला नाही, बापाच्या जमिनीत तिला कुणी विचारलंच नव्हतं. मामा मात्र खचला.

शिवारातला_मी:
खूप आभार दोघांचे. बाबांना मामांची गोष्ट वाचून दाखवली, गप्प बसले. पण मग एक कळत नाही, सरकारी कागदावर मालक म्हणून नाव असूनही सरकार जबाबदारी घेत नसेल तर माणसाने विश्वास कशावर ठेवायचा?

मेलबर्नहून:
तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे. इथे ऑस्ट्रेलियात टॉरेन्स पद्धत आहे, १८५८ मध्ये साउथ ऑस्ट्रेलियात सुरू झाली. रजिस्टरमधली नोंद हीच मालकी, आणि फसवणुकीने किंवा रजिस्टरच्या चुकीने कुणाचा हक्क बुडाला तर सरकारी निधीतून भरपाई मागता येते. मी इथे घर घेतलं तेव्हा ३० वर्षांचे कागद कुणी चाळले नाहीत. आपल्याकडे दस्त नोंदला जातो, हक्क नाही, म्हणून मागची साखळी घेणाऱ्यालाच तपासावी लागते. नगरला आमच्या घराचं वाटप झालं तेव्हा हा फरक फार जाणवला.

दस्तवाली_ताई:
म्हणूनच सर्च, म्हणजे जुन्या नोंदलेल्या दस्तांचा शोध. वकिलाकडून किमान ३० वर्षांचा घ्या, इंडेक्स २ वरून, म्हणजे निबंधक कार्यालयातल्या दस्तांच्या सूचीवरून, कळेल मध्ये कुणाला साठेखत, गहाण वगैरे दिलंय का. आणि जुने फेरफार एक एक करून काढा, सातबाऱ्यावर गोल केलेले नंबर असतात ते सगळे, २००३ च्या वारस फेरफारात बहिणींबद्दल काय लिहिलंय ते तिथेच दिसेल. ‘इतर हक्क’ रकान्यात सोसायटीचा बोजा, कूळ, आणि जमीन भोगवटादार वर्ग २ तर नाही ना ते बघा, वर्ग २ असेल तर बहुतेक वेळा परवानगीशिवाय विक्री होत नाही. कोर्टात दावा चालू असताना घेतलेली जमीन त्या निकालाला बांधील असते, तेही तपासा, पेपरात जाहीर नोटीस द्या. खरेदीखत झालं की नोंद तलाठ्याकडे जाते, हितसंबंधितांना नोटीस निघते, १५ दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतो.

मोजणीदार_काका:
बाळा, मोजणी राहिली. खरेदीआधी त्यांना भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करायला लाव. कागदावर एक एकर म्हणजे ४० गुंठे आणि जागेवर ३६ गुंठे असं खूपदा निघतं, आणि तू शेजारीच आहेस, बांधाचा वाद आयुष्यभर पुरतो. चतुःसीमा मोजणी नकाशावरून लिहायच्या, तोंडी सांगितलेल्या नाही.

शिवारातला_मी:
काल आईने त्यांच्या थोरल्या बहिणीला फोन केला, माहेरच्या ओळखीतल्याच निघाल्या. त्या म्हणाल्या २०११ मध्ये भावाने लाईटच्या मीटरसाठी सही पाहिजे म्हणून घेतली होती, जमिनीचं कुणी बोललंच नाही. भावांनी आम्हाला मान देऊन विचारलं तर विकायला आमची ना नाही, पण आमचा हिस्सा आमच्या खात्यात यायला हवा असंही म्हणाल्या. शनिवारी बाबा आणि मी तिघींकडे जातोय. इसार दिलेला नाही.