तयार ब्लाउज परत आला, तर कुरियरचे पैसे कोणी भरायचे?

सुईदोरा :

नमस्कार. मी सांगलीत घरच्या घरी खणाचे तयार ब्लाउज शिवून ऑनलाइन विकते. कटिंग मी करते आणि शिलाई दोघीजणी करतात. निम्मी विक्री एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेतून होते, उरलेली माझ्या लहानशा संकेतस्थळावरून आणि इन्स्टाग्रामवरून होते. बाजारपेठेत परतीचे नियम त्यांचेच असतात. ग्राहकाला परत पाठवणे फुकट पडते, त्याचा खर्च माझ्या रकमेतून कापला जातो आणि त्यात माझे काही चालत नाही. प्रश्न आहे तो माझ्या स्वतःच्या संकेतस्थळाचा. तेथे आजवर मी फक्त सदोष किंवा चुकून गेलेला माल परत घेत आले. परंतु अलीकडे पुष्कळ जणी आधीच विचारतात की परत करायचे झाल्यास पैसे पडतील का, आणि "हो" म्हटले की पुढे उत्तरच येत नाही.

हिशेब असा आहे. ब्लाउज ८५० रुपयांना विकते. खण, अस्तर, हुक आणि शिलाई मिळून ४८० रुपये होतात आणि कुरियरला ७० रुपये लागतात. उरलेल्या ३०० रुपयांतून खोका, छायाचित्रे, जाहिरात आणि माझी मजुरी निघते. ब्लाउज परत मागवायचा तर ग्राहकाच्या दारातून उचलण्याचे ९० रुपये पडतात. म्हणजे इस्त्री आणि नवे पॅकिंग धरण्याआधीच जाण्यायेण्याचे १६० रुपये गेलेले असतात.

खरी धास्ती मात्र वेगळी आहे. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात बाजारपेठेतून परत आलेला एक ब्लाउज मी खिडकीच्या उजेडात धरून पाहिला, तेव्हा डाव्या खांद्यावर सेफ्टी पिनेची दोन भोके स्वच्छ दिसली. पदर लावून, हळदीकुंकू उरकून तो माझ्याकडे परत आला होता, आणि परतीचे कारण म्हणून "माप बसले नाही" असे नोंदवलेले होते. खणाला पडलेले भोक इस्त्रीने बुजत नाही. तो ब्लाउज आता माझी भाची वापरते. अशा अनुभवानंतर स्वतःच्या संकेतस्थळावर मोफत परतीची सोय द्यावी का, याविषयी जाणकारांनी मत द्यावे.

वहीखाते :

ताई, मी लहान व्यापाऱ्यांची हिशेबाची कामे करतो. आपल्या प्रश्नात दोन प्रश्न मिसळलेले आहेत, ते आधी वेगळे करू या.

माल सदोष असेल, बनावट असेल, वर्णनाप्रमाणे नसेल किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोहोचला असेल, तर तो परत घेण्यास किंवा पैसे देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मध्ये हे स्पष्ट आहे. उशीर आपल्या हाताबाहेरच्या मोठ्या आपत्तीमुळे झाला असेल, तर तेवढी सूट आहे. अशा वेळी कुरियरचा खर्चही आपणच सोसावा, कारण चूक आपली असते. याउलट माल ठीक आहे, पण घरी आल्यावर आवडला नाही, एवढ्यावरून परत करण्याचा सरसकट हक्क आपल्याकडील कायद्याने ग्राहकाला दिलेला नाही. तेथे आपण जाहीर केलेल्या अटी चालतात. स्वतःचा माल स्वतःच्या संकेतस्थळावर विकणाऱ्याने परत पाठवण्याचा खर्च किती, हेही दाखवले पाहिजे, असे याच नियमांत म्हटले आहे. म्हणजे परतीला खर्च पडू शकतो हे नियम करणाऱ्यांनीही गृहीत धरले आहे. तो लपवायचा मात्र नाही.

आता हिशेब पाहू. समजा, १०० ऑर्डरींपैकी १२ परत आल्या आणि त्यांतील ३ ब्लाउज पुन्हा विकण्याजोगे राहिले नाहीत. जाण्यायेण्याचे १,९२० रुपये, इस्त्री आणि पॅकिंगचे नगाला १५ रुपयांप्रमाणे १८० रुपये आणि वाया गेलेल्या मालाचे १,४४० रुपये, असे एकूण ३,५४० रुपये होतात. हा बोजा टिकलेल्या ८८ ऑर्डरींवर टाकला, तर प्रत्येकीवर सुमारे ४० रुपये पडतात. म्हणजे ८५० चा ब्लाउज ८९० ला विकून मोफत परत देता येईल. परंतु हेच प्रमाण १०० मागे २५ झाले आणि ६ नग वाया गेले, तर एकूण ७,२५५ रुपये केवळ ७५ ऑर्डरींवर बसतात आणि प्रत्येकीवर जवळजवळ ९७ रुपयांचा भार येतो. परती वाढतात तसतशा भार वाहणाऱ्या ऑर्डरी कमी होत जातात, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. मोफत म्हणजे कोणीतरी भरलेलेच असते. येथे ते ब्लाउज निमूटपणे ठेवून घेणाऱ्या बाईने भरलेले असते.

आणखी एक बारकावा आहे. कुरियरच्या बिलावर १८ टक्के जीएसटी असतो. आपली नोंदणी नसेल तर तो वजा मिळत नाही, म्हणून ७० आणि ९० हे आकडे करासह आहेत ना, ते तपासून घ्यावे.

काठपदर :

वहीखाते यांचा हिशेब बरोबर आहे, तरीही मी मोफत परतीच्या विरुद्धच मत देईन. मी हातमागाच्या इरकली साड्या विकते. एका रंगाची एकच साडी असते आणि ती दहा दिवस कोणाच्या तरी कपाटात राहून परत आली, की तेवढ्या दिवसांत तिची खरी गिऱ्हाईक निघून गेलेली असते. हा तोटा कोणत्याही वहीत लिहिला जात नाही. मोठ्या कंपन्यांकडे एकाच मापाचे हजार नग असतात. आपण त्यांची नक्कल करू नये.

माझ्याकडे परतीचे कारण बहुतेक वेळा रंग हेच असे. ताण्याचा धागा एका रंगाचा आणि बाण्याचा दुसऱ्या रंगाचा असला, की कापड हलवताना रंग पालटतो, आणि स्थिर छायाचित्रात त्यांपैकी एकच रंग दिसतो. चिंतामणी रंगाची साडी मागवणाऱ्या बाईंना मोबाइलवर निळी दिसली होती आणि हातात जांभळी आली. दोष त्यांचा नव्हता. तेव्हापासून मी प्रत्येक साडीचे सकाळच्या उजेडात, हातात धरून हलवतानाचे अर्ध्या मिनिटाचे चित्रण टाकते. परती जवळपास थांबल्या. खणाचीही तीच गत आहे, तेव्हा आपण आधी हे करून पाहावे.

पार्सल उघडतानाचे चित्रण पाठवले तरच तक्रार घेऊ, अशी अट मीही घातली होती. पण प्रामाणिक ग्राहकाला ती चोर ठरवल्यासारखी वाटते, आणि लबाड ग्राहक तेवढी तयारी करूनच बसलेला असतो. म्हणून ती मी काढून टाकली.

जाता जाता आरटीओविषयी सांगते. हे परिवहन कार्यालय नव्हे, तर दारातूनच परत फिरलेले पार्सल. रोखीने पैसे देण्याच्या ऑर्डरींत ते फार होते. आपण परतीच्या धोरणाची चिंता करत असतो आणि खरी गळती तेथे चालू असते. अशा ऑर्डरीत १०० रुपये आगाऊ घ्यावेत आणि पाठवण्याआधी एक फोन करावा.

मापात_पाप :

मी विकत घेणारी आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडते. मी आठ वर्षे जर्मनीत होते. तेथे ऑनलाइन खरेदी १४ दिवसांत कारण न देता रद्द करता येते. पूर्वसूचना दिली असेल तर परतीचा खर्च ग्राहकावर टाकण्याची मुभा २०१४ पासून विक्रेत्यांना आहे, तरीही मोठ्या दुकानांनी फुकट परत चालू ठेवली, आणि एकच कपडा दोन मापांत मागवून एक परत पाठवणे ही आम्हा सर्वांची सवय होऊन बसली. ती सवय मी येथेही आणली, हे मान्य करते. फुकट असेल तर माणूस तसेच वागतो.

मात्र ब्लाउजच्या बाबतीत दोन मापे का मागवावी लागतात, हेही पाहा. संकेतस्थळावर "३८" लिहिलेले असते, पण ते अंगाचे माप की शिवलेल्या ब्लाउजचे, हे कोठेच लिहिलेले नसते. दंडाचा घेर तर कोणीच देत नाही, आणि माझा प्रत्येक ब्लाउज अडतो तो दंडातच. शिवाय आत माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेले जादा कापड, किती ठेवली आहे, ते सांगा. दोन्ही बाजूंना एकेक इंच माया असेल, तर मी कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून एक शिवण उसवून घेईन आणि तुम्हाला त्रासही देणार नाही. पैसे परत मिळावेत असे मला क्वचितच वाटते. मला बसणारा ब्लाउज हवा असतो. म्हणून एकदा माप बदलून देणे मोफत ठेवलेत, तर माझ्यासारखीला तेवढे पुरेसे आहे.

सुईदोरा :

सर्वांचे आभार. काल रात्री मागील वर्षाच्या नोंदी काढून बसले. बाजारपेठेतून परत आलेल्या ब्लाउजांवर निम्म्याहून अधिक वेळा मापाचेच कारण आहे, आणि त्यांतही ४० व ४२ ही मापे पुन्हा पुन्हा येतात. म्हणजे मोठ्या मापांत माझे दंडाचे कटिंगच घट्ट होते आहे. मी बाही प्रमाणात वाढवतच नव्हते. हे परतीच्या धोरणाचे नव्हे, कात्रीचे काम आहे, आणि ते मी याच आठवड्यात दुरुस्त करणार आहे.

सध्या असे ठरवले आहे. आमची चूक असेल तर सर्व खर्च आमचा. माप बदलून देणे एकदा मोफत, आणि त्यासाठी किंमत ८७५ करीन. केवळ आवडला नाही म्हणून परत करायचा असेल तर सात दिवसांत घेऊ, पण उचलण्याचे ९० रुपये वजा करून, आणि हा आकडा खरेदीच्या बटणाच्या वरच लिहीन. खणाच्या तुकड्यावर लहानसा टॅग टाचून तो डाव्या खांद्यावर, पदराची पिन लागते नेमक्या त्याच जागी बसवणार आहे. तो काढलेला असेल तर बदल किंवा परत मिळणार नाही. ही अट कायद्यात बसते का?

वहीखाते :

आवड आणि माप यांपुरती ती अट ठेवण्यास हरकत दिसत नाही, मात्र ती आधी ठळकपणे सांगितलेली असावी. सदोष मालाला ती लावू नये. टॅग काढून ब्लाउज घातल्यावर पहिल्याच धुण्यात अस्तराचा रंग गेला, तर टॅग नाही म्हणून हात झटकता येणार नाहीत. बिलावर "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असा जुना शिक्का मारत असाल, तर तोही काढून टाका. आणि ८७५ हा आकडा तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. बदलीच्या फेरीत कुरियरचे तीन हेलपाटे होतात, दोन नव्हेत.

सुईदोरा :

तिसरा हेलपाटा मी धरलाच नव्हता. आज पुन्हा वही काढते.