गांडुळं डब्यातून बाहेर पळतायत, मदत हवी आहे

पाच आठवड्यांपूर्वी घरी गांडूळखताचा डबा सुरू केला. तीन दिवस झाले, रोज सकाळी झाकणाच्या आतून वीस-पंचवीस गांडुळं चिकटलेली दिसतात. आज दोन फरशीवर वाळून मेलेली सापडली. फार वाईट वाटलं. आपणच आणलेले जीव आपल्याच हातून मरतायत.

डबा ४० लिटरचा, प्लास्टिकचा. झाकणाला आणि वरच्या कडेला भोकं आहेत; खाली पाणी गळू नये म्हणून तळाला पाडली नाहीत. तळाशी नारळाचा भुसा आणि फाडलेला वर्तमानपत्राचा कागद. गांडुळं अर्धा किलो, खतासाठीची लाल जात. स्वयंपाकघरातला ओला कचरा रोज टाकते: भाजीची देठं, फळांच्या साली, चहाचा चोथा. अर्धा किलो तरी भरत असेल. गांडूळ दिवसाला वजनाइतकं खातं असं वाचलं होतं, त्या हिशोबाने. वर थोडं पाणीही शिंपडते.

आता डब्याला आंबूस, कुजका वास येतो. वरच्या थरात दोऱ्यासारखे बारीक पांढरे किडे वळवळतायत. ही गांडुळांची पिल्लं का? शिवाय मोहरीपेक्षा जरा मोठे, पिवळसर दाणेही दिसले. ती किडीची अंडी असतील तर वेचून टाकू का? की सगळं उपसून नव्याने सुरू करू? कृपया जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

उपसू नका! आणि ते दाणे तर मुळीच फेकू नका. लिंबाच्या आकाराचे आहेत ना? ते गांडुळांचे कोष आहेत. आधी पिवळसर असतात, मग लालसर तपकिरी होतात. साधारण तीन आठवड्यांनी एकेकातून दोन-तीन पिल्लं निघतात. पिल्लू जवळजवळ पारदर्शक असतं, पण उजेडात धरलं की आत लाल रेघ दिसते. पांढरेफटक दिसतात ते वेगळे किडे. निरुपद्रवी आहेत, पण डबा फार ओला आणि आंबट झाल्याची खूण समजा.

ताई, चूक हिशोबात आहे. गांडुळाला दात नसतात. ताजी साल ते कुरतडत नाही; सालीवर जिवाणू आणि बुरशी वाढली, ती मऊ पडली, की मग ते सगळं मिळून गिळतं. म्हणजे आपण आधी त्या जिवाणूंना वाढतो आणि गांडूळ त्यांच्या मागून जेवतं. त्यांच्या वेगापुढे गेलात की कचरा नुसता सडतो. चांगल्या स्थिरावलेल्या डब्यातही दिवसाला वजनाच्या निम्मं धरावं, म्हणजे तुमच्याकडे पाव किलो. पहिल्या महिन्यात त्याहूनही बरंच कमी.

पाणी शिंपडणं आजपासून बंद. भाज्या-फळांत ८०-९० टक्के पाणीच असतं आणि तुमच्या डब्यातून ते जायला वाट नाही. गांडूळ कातडीतून श्वास घेतं. कातडी ओली लागते हे खरं, पण पाण्यात हवा उरली नाही तर ते जीव वाचवायला वरच चढणार.

आज एवढं करा. तळाला बारीक भोकं पाडा, खाली ताट ठेवा. न कुजलेला कचरा हाताने काढून घ्या. कोरड्या पुठ्ठ्याचे तुकडे भरपूर मिसळा, पण खुरपं वापरू नका, गांडुळं कापली जातात. मूठभर मिश्रण घट्ट पिळल्यावर एखाद-दुसरा थेंब पडला की ओल बरोबर. रात्री वर दिवा चालू ठेवा, उजेड टाळायला ती खालीच राहतील. आठ-दहा दिवस खायला काहीही नको.

प्रतिसाद २

आंबटपणा घालवायला चिमूटभर चुना टाकला तर?

प्रतिसाद १

चुना नको, त्यांची ओली कातडी भाजते. अंड्याची टरफलं वाळवून अगदी बारीक पूड करा आणि चमचाभर भुरभुरा. आंबटपणा हळूहळू उतरतो, शिवाय अन्न दळायला पोटात बारीक खरखरीत कण लागतात तेही मिळतात.

प्रतिसाद ३

आत हात घालून गरम लागतंय का तेही बघा. एकदम जास्त कचरा पडला की डबा तापतो. १५ ते २५ अंशांत ती खूश असतात, ३५ च्या वर मरायला लागतात.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार! आज अकरावा दिवस. पहिल्या रात्री ताटात दोन पेले काळं पाणी जमलं, फेकून दिलं. वास चौथ्या दिवशी गेला. झाकणावर आता एकही नाही. काल एका कोपऱ्यात मूठभर साली पुठ्ठ्याखाली पुरल्या, त्या ओळखू येईनाशा झाल्या की मगच दुसरा कोपरा. उरलेला कचरा सध्या मातीच्या कुंडीत वेगळा कुजवते आहे.

एकच विचारते, खत कधी काढू?

प्रतिसाद १

अजून दोन-तीन महिने हात लावू नका. सगळं काळं, भुसभुशीत झालं आणि मातीचा वास आला की आठवडाभर फक्त एकाच बाजूला खायला घाला. बहुतेक गांडुळं तिकडे सरकतील, मग दुसरी बाजू काढा. त्यातले कोष मात्र वेचून परत टाका.