मदत हवी आहे: ६ लाखांत रोज चालवायला सेकंडहँड पोलो जीटी की पुंटो अबार्थ? (एरंडोल-जळगाव अपडाऊन)

नमस्कार मंडळी,

बरेच महिने नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. लांब होईल, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट सल्ला देता येणार नाही म्हणून सगळंच लिहितो.

मी एरंडोलचा. नोकरी जळगाव एमआयडीसीत, चटईच्या कारखान्यात मेंटेनन्सला. रोज जाऊन-येऊन ७० किमीच्या आसपास होतं. पाळधीपर्यंत हायवे मोकळा, गाडी पळते, मग बांभोरीला गिरणेचा पूल आला की रांग, आणि बायकोला शहरात सोडायचं असतं म्हणून पुढे खोटेनगर, प्रभात चौक, आकाशवाणी, इच्छादेवी, अजिंठा चौक असं अख्खं जळगाव ओलांडून एमआयडीसी. म्हणजे अर्धा रस्ता पाचव्या गियरला आणि अर्धा रस्ता पहिल्या-दुसऱ्याला, तेही मे महिन्यात ४५ डिग्रीत. हे आधीच सांगतोय कारण माझा सगळा प्रश्न इथेच अडलाय.

आत्ता घरी २०१२ ची वॅगनआर आहे, नानांनी घेतलेली. तिच्याबद्दल एक शब्द वाईट बोलणार नाही, कधी रस्त्यात उभी राहिली नाही. पण डिप्लोमा झाल्यावर मी ३ वर्षं चाकणला होतो, तिथे रूमवरच्या मित्राने पोलो जीटी टीएसआय घेतली होती. एका दिवाळीला आम्ही दोघं तिच्यातूनच गावाकडे आलो, संभाजीनगरवरून कन्नड घाट उतरून चाळीसगावला. घाटाच्या आधी त्याने गाडी माझ्या हातात दिली आणि गियर एस (स्पोर्ट) मोडला टाक म्हणाला. वळणावर स्टिअरिंग जेवढं फिरवावं तेवढीच गाडी फिरते, ना झुकते ना तरंगते, आणि वळणातून बाहेर निघताना पाय दाबला की पाठ सीटला टेकते. ते डोक्यात बसलं ते बसलंच. तेव्हा पगारात जमणारं नव्हतं. आता जमतंय, तर तशीच गाडी हवी आहे, आणि ती रविवारी धुऊन झाकून ठेवायला नकोय, रोज कामावर न्यायला हवी आहे.

बजेट एकूण ६ लाख, पण त्यातले ५ च गाडीला. १ लाख बाजूला ठेवणारच आहे, कारण ८-१० वर्षं जुनी टर्बो गाडी घेऊन खिसा रिकामा करून बसणं मला पटत नाही. घेतल्या घेतल्या टायर, ब्रेक पॅड, सस्पेन्शनचे बुश, ऑइल, कूलंट, बॅटरी यातच ५०-६० हजार कधी जातात कळत नाही. खऱ्या दोन दरवाजांच्या स्पोर्ट्स कार, ऑडी टीटी, बीएमडब्ल्यू झेड४ वगैरे, जुन्या जाहिरातीत बघतो मी, पण त्या घेणं एक वेळ जमेल, पोसणं नाही. शिवाय घरी आम्ही पाच जण. नानांचे गुडघे दुखतात, माय आहे, बायको, ५ वर्षांची मुलगी. मामाचं गाव रावेरकडे, तिथून येताना केळीचा घड आणि भरताची वांगी डिकीत असणारच. मामाला तसल्या दोन दरवाजांच्या गाडीचा फोटो दाखवला तर तो म्हणाला, "भाऊ, गाडी दखाले भारी शे, पन घरना लोके कोठे बसतीन?" बरोबर आहे त्याचं. म्हणून हॅचबॅकच, पण जिवंत इंजिन असलेली.

आता काय काय बघितलं ते सांगतो.

पोलो जीटी टीएसआय, १.२ लिटर टर्बो, १०५ पीएस (ताकद), १७५ एनएम (टॉर्क, म्हणजे ओढ), ७ स्पीड डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. मन हिच्यावरच आहे. भीती फक्त गिअरबॉक्सची. यात दोन ड्राय क्लच असतात, एकावर १-३-५-७ आणि दुसऱ्यावर २-४-६. ड्राय म्हणजे थंड करायला भोवती तेल नाही. हायवेला काही प्रॉब्लेम नाही, पण आकाशवाणी चौकात गाडी इंच इंच सरकते तेव्हा क्लच अर्धवट घासत राहतो आणि उष्णता तिथेच साठते. वरून मेकॅट्रॉनिक युनिट, म्हणजे गियर टाकणारा मेंदू आणि हायड्रॉलिक एकत्र, ते गेलं तर माझ्या ओळखीच्या मेकॅनिकने सरळ सांगितलं की लाख-दीड लाख धरून चाल. म्हणजे माझी बाजूला ठेवलेली सगळी रक्कम एका फटक्यात.

पुंटो अबार्थ, १.४ टी-जेट, १४५ पीएस, २१२ एनएम, चारही चाकांना डिस्क ब्रेक, मॅन्युअल गियर. कागदावर हिच्यासमोर बाकी कुणी उभं राहत नाही. नाशिकला एक २०१६ ची चालवून पण बघितली. २,००० आरपीएमच्या खाली ती साधी गाडी वाटते आणि टर्बो भरला की पुढची चाकं रस्ता ओरबाडतात. स्टिअरिंग हायड्रॉलिक, जड, पण त्यात रस्ता हाताला कळतो. मात्र ग्राउंड क्लिअरन्स १५५ एमएम. चौघं बसलो होतो, एका सोसायटीच्या गेटवरच्या स्पीडब्रेकरला तिरकी घेतली तरी खालून खर्रकन आवाज आला, आणि आमच्या गावातले ब्रेकर तुम्हाला माहिती आहेत, प्रत्येकाने आपापल्या घरासमोर हाताने घातलेले. दुसरं, फियाट २०१९ ला भारतातून गेली. पुंटो डिझेलचं १.३ मल्टिजेट इंजिन स्विफ्टमध्ये पण होतं म्हणून त्याचे पार्ट कुठेही मिळतात, पण हे टी-जेट आपल्याकडे लिनिया, ॲव्हेंचुरा, अबार्थ अशा फियाटच्याच मोजक्या गाड्यांत होतं.

बलेनो आरएस पण यादीत आहे. १.० बूस्टरजेट, १०२ पीएस, मागे पण डिस्क, २०१७ ते २०२० एवढीच विकली गेली. मारुतीचं वर्कशॉप कुठेही मिळतं आणि नानांना मागे पाय पसरता येतात, पोलोत त्यांचे गुडघे पुढच्या सीटला टेकतात. पण चांगली आरएस आमच्या भागात विकायला दिसतच नाही. टियागो जेटीपी २०१८ ला आली, ११४ पीएस, किंमत पण बसते, पण २०२० ला तो प्रकल्पच बंद झाला, आता तिचा स्पेशल बंपर फुटला तर काय करायचं? फिगो १.५ डिझेल चालवली, १०० पीएस, २१५ एनएम आणि वजनाला हलकी, ओव्हरटेकला जबरदस्त आहे आणि ॲव्हरेज पण देते. डोक्याने निर्णय घ्यायचा असता तर आत्तापर्यंत फिगो दारात असती. फक्त मला पेट्रोलचं वरपर्यंत फिरणारं इंजिन हवंय.

एक अनुभव सांगतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. मागच्या वर्षी एका दुसऱ्या शहरातल्या डीलरकडे एक पोलो आवडली. काचेसारखी चमकत होती, सीट कव्हर नवीन, आत सेंटचा वास. मी १० हजार टोकन देऊन मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला घेऊन गेलो तर त्याने बॉनेट उघडायच्या आधी पुढचा सीटबेल्ट धरला आणि शेवटपर्यंत पूर्ण बाहेर ओढला. वरचा हातभर पट्टा स्वच्छ होता, आणि आतून जो निघाला त्यावर आडवी मातकट रेघ, पाणी कुठपर्यंत चढलं होतं ते मोजून घ्यावं अशी. सीटखालचे बोल्ट गंजलेले. गाडी पुरात बुडून निघाली होती. टोकन परत मिळालं नाही. रागापेक्षा जास्त वाईट याचं वाटलं की बायकोने त्या पैशातले ४ हजार भिशीतून काढून दिले होते. त्यामुळे यावेळी घाई करायची नाही असं पक्कं ठरवलंय.

कागदपत्रांचंही विचारायचंय. माझा चुलतभाऊ सुरतला उधन्याला असतो, तो म्हणतो जीजे-०५ ची घे, स्वस्त पडते. पण परराज्यातली गाडी इथे कायमची ठेवायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) आणून १२ महिन्यांच्या आत इकडचा नंबर घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा टॅक्स पुन्हा भरावा लागतो, तिकडचा परतावा मागत बसायचं ते वेगळंच. एमएच-१२ किंवा एमएच-१४ ची घेतली तर टॅक्सचा विषय नाही, पुण्याकडच्या आरटीओची एनओसी फॉर्म २८ वर, मग २९ आणि ३० भरून जळगावला नावावर, लोन असेल तर ते फिटल्याचा बँकेचा फॉर्म ३५. हे मी बरोबर समजलोय ना? सुरतची गाडी करून कुणी खरंच पैसे वाचवलेत का?

तर मुख्य विचारणं हे आहे. जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात, म्हणजे आपल्या उन्हाळ्यात, डीएसजी रोज चालवणारं कुणी आहे का? पुण्या-मुंबईच्या लोकांचे रिव्ह्यू भरपूर वाचले, त्यांचं ट्रॅफिक जास्त असेल पण त्यांचं ऊन आपल्यासारखं नाही. उभं राहिल्यावर न्यूट्रल टाकता का, सरकत्या रांगेत पुढे थोडी जागा होऊ देऊन मग एकदम सोडता का, त्याने खरंच फरक पडतो का? आणि अबार्थवाल्या भाऊंनो, टायमिंग बेल्ट, क्लच, टर्बोचे पाइप हे पार्ट आज मागवले तर किती दिवसांत हातात येतात, आणि जळगाव-धुळ्यात टी-जेट उघडलेला मेकॅनिक आहे का कुणी?

---

अपडेट, तीन आठवड्यांनी:

सगळ्यांचे आभार, एवढे फोन आणि मेसेज येतील असं वाटलं नव्हतं. ज्या दादांनी ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर वाचणारं यंत्र) घेऊनच जा म्हणून सांगितलं त्यांनी मला वाचवलं.

चिंचवडला २०१७ ची पोलो जीटी टीएसआय बघायला गेलो. मीटरवर ४१ हजार, मागणी ५ लाख १० हजार, फर्स्ट ओनर. मालकाने आम्ही पोचायच्या आधीच गाडी चालू करून ठेवली होती, तिथेच मन थोडं खट्टू झालं, कारण थंड इंजिन पहिल्या सेल्फला कसं बोलतं तेच ऐकायचं होतं. टायरवर चार आकडे असतात ते बघितले, पुढे २२२१, म्हणजे २०२१ च्या २२ व्या आठवड्यातले, आणि मागे पण तेच. ४१ हजार फिरलेल्या गाडीचे चारही टायर चार वर्षांत बदलले म्हणजे मीटर किंवा मालक, दोघांपैकी एक खोटं बोलतोय. स्कॅनर लावला तर एकही एरर नाही. मी खूश झालो, पण मेकॅनिक म्हणाला थांब, आणि रेडिनेस, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या टेस्ट पूर्ण झाल्यात का ते, दाखवलं. बरेच टेस्ट "अपूर्ण". म्हणजे एरर एक-दोन दिवसांपूर्वीच पुसलेत आणि गाडीने स्वतःला तपासायला अजून वेळच मिळालेला नाही. मग मुद्दाम दुपारी एक वाजता एसी लावून अर्धा तास रांगेत सरकवली. वीस मिनिटं काही नाही, नंतर पहिल्यातून दुसऱ्याला जाताना धक्के, सीटमधून कळणारे. चावी परत दिली.

अबार्थचा विषय पण मी सोडला. एका धुळेकर भाऊंनी त्यांची गाडी एका छोट्या पार्टसाठी सहा आठवडे उभी होती ते लिहिलं, आणि त्यांच्या घरी दुसरी गाडी आहे. माझ्याकडे रोजची हीच एक असणार. रात्री अजून तिचे व्हिडिओ बघतो, पण रोज ७० किमी आणि बायकोची नोकरी तिच्या भरवशावर नाही ठेवू शकत.

आता नवीन प्रश्न. धुळ्यालाच एमएच-१८ ची २०२० ची पोलो १.० टीएसआय, ६ स्पीड मॅन्युअल मिळतेय. ४८ हजार किमी, सगळी सर्व्हिस हिस्ट्री एकाच ठिकाणची, टायर, पेडलचं रबर आणि मीटर एकमेकांशी जुळतात. तीन सिलिंडर आहे, पण ११० पीएस आणि टॉर्क तोच १७५. रस्त्यावर काढली, लळिंग घाटापर्यंत जाऊन आलो. आवाज चार सिलिंडरसारखा गुळगुळीत नाही, पण तिसऱ्या गियरला चढावर पाय दाबला आणि मला तीच कन्नडची दिवाळी आठवली. मालक ६ लाख २० म्हणतोय, बोलून ५ लाख ९० पर्यंत येईल. म्हणजे बाजूचा लाख जवळजवळ संपतो. बायको म्हणते चांगली गाडी असेल तर दुरुस्तीचा लाख कशाला लागेल, सहा महिने जास्त भिशी भरू. मला तिचं पटतंय आणि धाकधूक पण आहे.

या १.० टीएसआय मॅन्युअलला ५० हजारांच्या पुढे काय खर्च निघतो, क्लच किती टिकतो, आणि इ-२० (२० टक्के इथेनॉलवाल्या) पेट्रोलवर ॲव्हरेज किती देते, हे कुणी स्वतःच्या गाडीवरून सांगेल का? येत्या रविवारी सकाळी शेवटची बघायला जातोय, इंजिन थंड असतानाच, मालकाला तसं सांगून ठेवलंय. धुळ्यातलं कुणी जाणकार अर्धा तास येऊ शकत असेल तर मेसेज करा, चहा आणि शेवभाजी माझ्याकडून.