फुकटचं सर्टिफिकेट, फुकटचा भरवसा?

सातारी_मिरची: काल इथे एकाने ठोकून दिलं, "फुकटचं एसएसएल म्हणजे गिऱ्हाईक पळवायचा धंदा." डोकंच फिरलं. अहो, एसएसएल सर्टिफिकेट म्हणजे साइट त्याच पत्त्याची असल्याचा सही केलेला दाखला, ब्राउझर त्याची पावती मागत नाही! मुदत आणि साइटचं नाव जुळतं का, आणि सही करणाऱ्याचं रूट, म्हणजे मूळ सर्टिफिकेट, आपल्या यादीत आहे का, ते बघतो. फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचं रूट क्रोम, फायरफॉक्स, सफारी, सगळीकडे आहे. उलट पैसे घेऊन विकणाऱ्या सिमँटेकवरचा भरवसा क्रोमने २०१८ मध्ये काढून घेतला.

जुना_हँडसेट: तो "एक" मीच. नाव घ्या की! ३० सप्टेंबर २०२१ ला लेट्स एन्क्रिप्टला ज्याचा आधार होता त्या डीएसटीच्या जुन्या रूटची मुदत संपली आणि आमच्या खताच्या दुकानातलं बिलिंग बंद. गिऱ्हाइकांची रांग बाहेरपर्यंत, आणि मी सर्टिफिकेट शोधतोय.

सातारी_मिरची: बिलिंगवर ओपनएसएसएल १.०.२ असणार, म्हणजे सर्टिफिकेट तपासणारं जुनाट सॉफ्टवेअर. घर तुमचं गळकं, शिव्या पावसाला.

जुना_हँडसेट: आणि २०२४ पासून गिऱ्हाइकांचे फोन? ७.१.१ च्या आधीच्या अँड्रॉइडवर थेट लाल इशारा. मामा विचारतात, "दुकान हॅक झालं काय रे?"

पेठेतला: त्या फोनवर चालेल असं फायरफॉक्स टाका. तो स्वतःची रूटची यादी घेऊन येतो.

जुना_हँडसेट: मामांच्या फोनमध्ये फोटोला जागा नाही. तुम्ही येताय का टाकून द्यायला?

पेठेतला: मग नवा फोन घ्या. इतक्या जुन्या फोनवर बँकेचं ॲप चालवणं म्हणजे कुलूप न लावता गावाला जाणं.

कुंदामावशी: नवा फोन घ्या म्हणे! सोयाबीनचा भाव बघितलात का यंदा? माझा फोन आठ वर्षांचा आहे, बॅटरी दोनदा बदलली, काच तडकलीय, पण आवाज खणखणीत. दर दोन वर्षांनी फोन टाकायचा हे कुणी ठरवलं?

पेठेतला: मावशी, विषय सर्टिफिकेटचा आहे.

कुंदामावशी: विषय तुम्हीच फोनवर नेलात.

सातारी_मिरची: मामांसाठी सांगतो. लेट्स एन्क्रिप्टचं रूट २०१५ चं, म्हणून जुन्या फोनच्या यादीत नाही. गूगलही फुकट सर्टिफिकेट देतं आणि त्याच्या रूटवर ग्लोबलसाइनच्या जुन्या रूटची सही आहे. सर्टिफिकेटपासून त्या जुन्या रूटपर्यंतच्या सह्यांची साखळी पूर्ण लावा, मामांचा फोन ओळखेल. अडचण वयाची होती, पैशाची नव्हे.

जुना_हँडसेट: आणि दर नव्वद दिवसांनी नूतनीकरण करत बसू? विकतचं वर्षभर चालायचं.

सातारी_मिरची: चालायचं! २०२९ पासून विकतचंही जास्तीत जास्त ४७ दिवसांचं. क्रॉन लावा, ठरल्या वेळी काम आपोआप होतं, आणि विसरा.

जुना_हँडसेट: बरं बाबा, नव्या फोनवर तुमचं फुकटचं चालतं. दिलं लिहून. ती साखळी कुठे चिकटवायची तेवढं सांगा, मामा उद्या युरियाला येणार आहेत.