फिरत्या नोझलला मराठीत काय म्हणायचं?

पाणकळा:

मंडळी, एक शब्द हवाय. का हवाय ते आधी सांगतो.

परवा हरभऱ्यावर स्प्रिंकलर लावले. मोटर सुरू केली आणि बांधावर उभा राहून बघतो तर बारांतली तीन नोझलं फिरतच नव्हती. पाणी एकाच बाजूला, तेही जेमतेम दोन पावलांवर, भसाभस पडत होतं. तिथला हरभरा चिखलात लोळलेला आणि पलीकडचं रान कोरडंठाक. मोटर बंद करून एक नोझल सोडलं. साडेचार मिलिमीटरचं गोल भोक असतं त्याला. याचं भोक लांबट झालेलं, आतून ओरखडे, आणि एका कडेला नखाएवढीही नाही अशी बारीक खाच. पाण्याची धार त्या खाचेतून फाटत होती.

चुलतभाऊ म्हणाला, मागच्या वर्षी कचरा अडकला होता तेव्हा मीच सायकलच्या आऱ्याने कोरून काढला. संचाबरोबर आलेलं माहितीपत्रक कपाटात होतं, ते काढलं. सूचना होती, तीही ठळक अक्षरांत: ‘घूर्णी तुंडातील अवरोध दूर करण्यास धातुशलाकेचा वापर वर्ज्य.’ भाऊ बारावी झालेला, रोज पेपर वाचणारा. हे वाक्य त्याने वाचलं होतं. पण तुंड म्हणजे वक्रतुंडातलं तुंड, एवढंच त्याला ठाऊक. यात त्याची चूक आहे असं मी मानत नाही. ‘नोझलात तार घालू नका’ एवढं लिहिलं असतं तर ती तीन नोझलं आज शाबूत असती.

ज्यांच्याकडून संच घेतला त्यांना फोन केला. ते भले निघाले. म्हणाले, तुम्ही सोप्या मराठीत लिहून पाठवा, पुढच्या छपाईत घालू. म्हणून तुम्हाला विचारतोय. आमच्याकडे सगळ्या संचाला ‘तुषार’ किंवा ‘स्प्रिंकलर’ म्हणतात. भोकाच्या पितळी तुकड्याला नोझल. पण राइझरच्या, म्हणजे उभ्या पाइपाच्या, टोकावर जे अख्खं डोकं गरगरत असतं, त्याला काय म्हणावं? वडील ‘टकटक्या’ म्हणायचे. तो शब्द आमच्या घराबाहेर मी ऐकलेला नाही.

दहिवर:

फार मोलाचा प्रश्न. डोक्याचं नाव नंतर बघू, आधी ‘तुषार’बद्दल थोडं, कारण या शब्दाचा प्रवास मला फार आवडतो.

संस्कृतात तुषार म्हणजे हिम, दव, गारठा. ‘या कुन्देन्दुतुषारहारधवला’ आपण शाळेत म्हणायचो, त्यातला तुषार पांढराशुभ्र आहे तो हिमासारखा. हिंदीने हा थंड अर्थ धरून ठेवला. तिकडे पिकावर तुषार पडला म्हणजे दव गोठलं, पीक करपलं. आशेवर ‘तुषारापात’ झाला म्हणजे आशा मेली. मराठीत तोच शब्द धबधब्याच्या, लाटेच्या उडालेल्या बारीक थेंबांवर येऊन बसला आणि इतका हवाहवासा झाला की आपण मुलाचं नाव ठेवतो. एकाच शब्दाने शेजारच्या राज्यात पीक जळतं आणि आपल्याकडे भिजतं. हिंदी पत्रक समोर ठेवून मराठी करणाऱ्यांनी इथे जपून राहावं. हिंदीत आपल्या तुषार सिंचनाला ‘फव्वारा सिंचाई’ म्हणतात.

आता कुणी विचारेल, मग आपणही ‘फवारा सिंचन’ का म्हणू नये? शब्द अरबीतून फारसीमार्गे आलेला, मुळात उकळण्या-उसळण्याचा. आपल्याकडे शेकडो वर्षं रुळलेला. तरीही माझं मत ठाम विरोधात आहे. मराठी शेतात ‘फवारा’ आणि ‘फवारणी’ हे शब्द औषधाने घेतलेत. ‘आज फवारणी आहे’ म्हटलं की आई पोरांना रानात जाऊ देत नाही, गोठ्यातली जनावरं तिकडची वैरण खात नाहीत ना ते पाहिलं जातं. पाण्याला तोच शब्द लावला तर एखाद्या दिवशी कुणाचातरी घोटाळा होईल. तुषार पाण्याचा, फवारा औषधाचा, ही वाटणी लोकांनी आपली आपण केली आहे. ती मोडू नये.

आणि कारंजं? ते शोभेचं. शनिवारवाड्यातलं हजारी कारंजं घ्या, सोळा पाकळ्यांचं कमळ. कात्रजच्या तळ्यातून नळाने आणलेलं पाणी उंचीच्या दाबानेच उसळायचं. कन्नडमध्येही कारंजाला ‘कारंजि’च म्हणतात, म्हैसूरच्या एका तळ्याचं नाव तेच आहे. पण कारंज्याचं पाणी जिथून उडतं तिथेच परत पडतं. शेतकऱ्याला ते दूर फेकायचं असतं.

पाटकरी:

पाणकळा दादा, मी पाइप-मोटरचंच काम करतो, म्हणून यंत्राच्या बाजूने लिहितो. एकच नाव शोधू नका. ‘फिरतं नोझल’ म्हणून दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत.

पहिली बंगल्यांच्या हिरवळीवर दिसते. दोन-तीन वाकडे हात, टोकाला भोक. पाणी एका अंगाला सुटतं आणि हात उलट अंगाला ढकलला जातो. दिवाळीतलं भुईचक्र फिरतं ते याच नियमाने, तिथे ठिणग्या सुटतात आणि इथे पाणी. आमच्या दुकानात मी गिऱ्हाइकाला ‘पाण्याचं भुईचक्र’ म्हणून दाखवतो, लगेच कळतं. हे भराभर फिरतं, आणि भराभर फिरतं म्हणूनच पाणी लांब जात नाही. धार वाकते, फुटते, जवळच पडते. हिरवळीला ते चालतं, शेताला नाही.

तुमचं शेतातलं यंत्र दुसरं. त्यातून धार सरळ निघते आणि समोर आडव्या आलेल्या एका दांडीच्या टोकावर आपटते. ते टोक पळीसारखं असतं. धक्क्याने दांडी बाजूला उडते, धार मोकळी होऊन लांब जाते. मग स्प्रिंग दांडीला परत ओढते, दांडी डोक्यावर टक्कन आदळते आणि डोकं किंचित सरकतं. पुन्हा धार, पुन्हा टक. म्हणजे ते गरगर फिरत नाही, टोले खात पुढे सरकतं. हळू सरकतं म्हणून धारेला लांब जायला सवड मिळते, आणि म्हणूनच बारा-बारा मीटरवर एक नोझल ठेवलं तरी रान सगळं भिजतं. दर चौरस सेंटिमीटरला दोन-अडीच किलो दाब मात्र हवा. तुमच्या नोझलाची धार फाटली होती, ती पळीवर नीट बसलीच नसणार, मग डोकं सरकेल कसं?

ही युक्ती कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडोरा गावच्या ऑर्टन एंगलहार्ट यांची. तिकडे संत्र्या-लिंबांच्या बागा. १९३५ साली त्यांना पेटंट मिळालं. पुढे त्यातून जी कंपनी उभी राहिली तिचं नाव रेन बर्ड, म्हणजे पावसाचा पक्षी. आपल्याकडे तो पक्षी कधीचा आहे. पावशा! ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ म्हणणारा. माझं मत विचाराल तर शेतातल्या डोक्याला ‘पावशा’ म्हणावं. तोही बोलतो आणि पावसाचंच बोलतो.

दहिवर:

पावशा! पाटकरी, हा शब्द वाचून अंगावर शहारा आला.

गावठाण:

नोझल ‘तो’, ‘ती’ की ‘ते’? आमच्या सोलापुरी घरात ‘ते नोझल, ती नोझलं’. मुंबईच्या मावसभावाच्या तोंडी ‘तो नोझल’. पत्रकात एकच काहीतरी ठेवा.

दुसरं असं, की नोझल हा शब्द नको असेल तर ‘तोटी’ आहे की. पण तोटी म्हटलं की नळ डोळ्यांपुढे येतो आणि नळाची तोटी पिळायची असते. शेतात नोझलच बरं.

आणि झारी विसरू नका. रोपवाटिकेच्या सल्ल्यात अजूनही ‘झारीने पाणी द्यावे’ असंच असतं. माझी आजी गादीवाफ्यावर झारी धरायची तेव्हा हात एका जागी ठेवायची नाही, मनगटातून सारखा गोल फिरवायची. बी उघडं पडू नये म्हणून. फिरतं नोझल म्हणजे दुसरं काय, आजीचं मनगटच. शिवाय अडकलेल्या नोझलाची गोष्ट आपल्याकडे फार जुनी आहे. बळीराजाने दानाचं पाणी सोडू नये म्हणून शुक्राचार्य झारीच्या तोटीत जाऊन बसले. वामनाने दर्भाची काडी घातली आणि त्यांचा डोळा गेला. दर्भाची काडी. लोखंडी तार नाही.

माळरान:

पाठीवरच्या पंपाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. तिथे नोझल फिरत नाही, पाणी आत फिरतं. नोझल उघडलं की तिरक्या भोकांची चकती असते, तिच्यातून जाताना औषधाला भोवरा पडतो आणि बाहेर पोकळ शंकू तयार होतो. ‘भोवरा’ हा नदीतला, डोक्यावरच्या केसांतला, पोरांच्या दोरीवरचा शब्द इथे अगदी नेमका बसतो. तणनाशकाला मात्र हे नोझल नको, त्याला सपाट पट्टा पाडणारं लागतं. दोन्ही नोझलं दिसायला सारखी, म्हणून ‘भोवऱ्याचं’ आणि ‘पट्ट्याचं’ अशी नावं आम्ही वापरतो. अदलाबदल झाली तर शेजारच्याचं कपाशीचं रान जळतं, म्हणून नावं साधीच हवीत.

इमारतींत आगीसाठी छताला जे स्प्रिंकलर असतात त्यांना तुषार म्हणू नये असं मला वाटतं. त्यात काचेची कुपी असते, उष्णतेने फुटते आणि पाणी सुटतं. नेहमीची लाल कुपी ६८ अंशांना फुटते. ते काही बारीक तुषार नसतात. स्प्रिंकलरच म्हणावं.

पाणकळा:

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रात्री हेच डोक्यात होतं.

दहिवर, तुमची पाणी आणि औषधाची वाटणी पूर्ण पटली. त्यात एक भर घालतो. ठिबक आणि तुषार, दोन्ही नावं पाणी कसं पडतं ते सांगतात, यंत्र कसं आहे ते सांगत नाहीत. म्हणून ती टिकली. अनुदानाच्या अर्जावर ‘तुषार सिंचन संच’ लिहिताना शेतकरी अडखळत नाही. यंत्राच्या सुट्या भागांची मात्र बाजारात मागायची नावं लागतात. दुकानात जाऊन ‘घूर्णी तुंड द्या’ म्हटलं तर पाटकरींसारखा माणूससुद्धा काय देईल? नोझल, राइझर, पाइप हे आता आपलेच शब्द आहेत. आपण त्यांची रूपं मराठी केलीत, ‘नोझलं’, ‘पाइपाला’, ‘राइझरवर’. सूचना आणि हात यांच्यामध्ये पाठ करावा लागेल असा शब्द नको. चुलतभावाने पुन्हा तार घालू नये, एवढ्यासाठी सारा खटाटोप.

‘पावशा’ मला फार आवडला. पण पत्रकात एकट्याने घालायचा धीर होत नाही, वाचणारा पक्षी शोधेल. म्हणून चित्राखाली ‘फिरतं डोकं (पावशा)’ असं लिहितोय. लोकांनी उचलला तर उचलला. वडिलांचा टकटक्या मी घरात ठेवतो.

पाठवायचा मजकूर हा. चुलतभावाला वाचून दाखवला, त्याने शेवटचं वाक्य घालायला लावलं:

‘नोझलात कचरा अडकला तर तार, खिळा, सायकलचा आरा काहीही घालू नका. मोटर बंद करा. नोझल सोडून काढा. उलट्या बाजूने पाणी मारा, तरी निघाला नाही तर दातांच्या जुन्या ब्रशने घासा. भोक जरासं जरी वाकडं झालं तरी धार फाटते, डोकं फिरत नाही आणि पाणी एकाच जागी पडतं. खराब झालेलं नोझल बदला, अख्खा पावशा बदलायची गरज नाही.’