सॅच्युरेशन ९० वर ठेवलं म्हणून डॉक्टर चोर?

रातपाळी: काल इथे एकाने लिहिलं की लेप्टोच्या तापाने फुप्फुसं गेलेल्या भावाला व्हेंटिलेटरवर ठेवलं, रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन ९० च्या पुढे जाईना, 'प्रेशर वाढवा म्हटलं तर डॉक्टर हसले, मशीन जपत होते.' त्यावर वाहवा काय! आयसीयूत नोकरी करते, गप्प बसवेना. एआरडीएसमध्ये, म्हणजे फुप्फुसं सुजून पाण्याने भरतात तेव्हा, फुप्फुसाचा थोडाच भाग हवा घेतो, जोर लावलात की सगळा मार त्यालाच. २००० साली अमेरिकेतल्या एआरडीएसनेट या रुग्णालयांच्या गटाने ८६१ रुग्णांवर चाचणी केली. वजनाच्या किलोमागे १२ मिली श्वास दिलेल्यांतले जवळपास ४० टक्के गेले, ६ मिलीवाल्यांतले ३१. आणि सुरुवातीला ऑक्सिजन चांगला कोणाचा होता? १२ वाल्यांचा! प्लॅटो, म्हणजे श्वास भरून क्षणभर थांबवल्यावरचा आतला दाब, ३० च्या आत ठेवायचा, सॅच्युरेशन ८८ ते ९५ चालतं, हे तिथलंच. किलोसुद्धा उंचीवरून काढायचे, काट्यावरचे नव्हेत.

देवगडकर: ती पोस्ट माझी. आकडे तुमचे, भाऊ माझा. शेजारच्या बेडवर पीप १४, आमच्याला ८. तोही दाबच ना? की ओळख लागते?

रातपाळी: ओळख कसली लागते! श्वास सोडल्यावरही वायुकोश मिटू नयेत म्हणून पीप असतो. कोणाचं फुप्फुस उघडतं, कोणाचं नुसतं ताणलं जातं, बीपी पडतं ते वेगळंच. २०१७ च्या आर्ट चाचणीत जोर लावून फुप्फुस उघडलं, पीप चढवला. २८ दिवसांत त्या गटातले ५५ टक्के दगावले, दुसऱ्यातले ४९.

कुडाळचो झील: पीप-बीप ऱ्हवांदे बाजूक. हंयसून गोव्याचा बांबोळीचा हॉस्पिटल गाठीपर्यंत पेशंट अर्धो जाता, त्याचा काय? माझ्या काकाक न्हेताना वाटेतच सिलिंडर संपलो. लेप्टो दरवर्षी पावसात येता, बेड कधी येतले?

संगमेश्वरी: रस्त्यावरून तुम्ही रडू नका हो. सिंधुदुर्गातला मुंबई-गोवा हायवे चौपदरी कधीच झाला. पनवेल-इंदापूरचं काम २०११ ला सुरू झालं, आमच्याकडचे खड्डे बघायला या.

कुडाळचो झील: मी खड्ड्यांचा बोललंय? सिलिंडराचा बोललंय मेल्या! वाचूक येता मा?

रातपाळी: भांडा. पण अ‍ॅम्ब्युलन्समध्ये अंबू बॅग, म्हणजे श्वास द्यायचा फुगा, हाताने दाबतात, घाबरलेला माणूस दाबतो ती जोरातच. तिथे किती मिली गेले कोण मोजतं? ट्रान्सपोर्ट व्हेंटिलेटर मागा, तो खरा मुद्दा.

देवगडकर: वा, मग आम्ही आणतानाच मारला म्हणा की.

रातपाळी: तसं म्हटलेलं नाही. पालथं घातलं होतं का त्याला? २०१३ च्या प्रोसेवा चाचणीत दिवसाला १६ तास पालथं ठेवलेल्यांतले १६ टक्के गेले, उताण्यांतले ३३.

देवगडकर: घातलं होतं, तेही उशिरा. बरं, मशीन जपत नव्हते, मानलं. तुम्ही दोन ओळींत सांगितलंत ते तिथे कोणाच्या तोंडून का निघालं नाही?

रातपाळी: हसायला नकोच होतं. पण एक नर्स किती व्हेंटिलेटर सांभाळते ते बघा, मग समजावून सांगायला वेळ मागा.

संगमेश्वरी: नर्स तरी आहे तुमच्याकडे. आमच्याकडून आधी रत्नागिरी, तिथून 'कोल्हापूरला न्या', मध्ये आंबा घाट.

कुडाळचो झील: इलो परत रस्त्यार!